पेरणीआधीची खरेदी

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख,
सर्व नामवंत सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका,
मुक्काम मुंबई, गुरुग्राम, लंडन, न्यूयॉर्क



पत्रास कारण की, एमबीएचा पहिला तास भरण्याआधीच विद्यार्थी निवडून मोकळं होण्याची जी चपळाई आपण गेल्या काही वर्षांत कमावली आहे, तिचं अभिनंदन सोयगावकडून अजून व्हायचं राहिलं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या बिझनेस स्कूलचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, पण आपली आमंत्रणं मे-जूनमध्येच निघतात. मॅकिन्झीचा ‘अर्ली ॲक्सेस’ असो, बँकांची दोन-तीन दिवसांची शिबिरं असोत, चहापान असो की ओळखपरेड, पाहुण्याच्या हाती अजून पुस्तकांची यादीही पडलेली नसते. आपल्याकडे ही घाई अंमळ सौम्य आहे म्हणतात, पण फार नाही. आयआयएममध्ये जूनच्या सुमारास दाखल झालेली मुलं दिवाळीच्या आगेमागे समर प्लेसमेंटला बसतात. त्यासाठीचा सीव्ही त्याच्याही कितीतरी आधी आवळून, तपासून, सीनियरांकडून लाल करून घेतलेला असतो. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी, हा आमच्या आजोबांच्या पिढीचा क्रम आपण मोडीत काढलात. आता आधी नोकरीची बोलणी, मग फी, आणि वेळ उरलाच तर शिक्षण.

सोयगाव तालुका आपल्या नकाशावर नसेल, म्हणून थोडी ओळख. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण हळदा घाट उतरून डोंगराच्या खाली, खानदेशाच्या अंगाला. जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जळगाव जवळचं. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात येतात, आणि बाकी मुख्य ओळख कापसाची. जूनमध्ये सरकी टोकायची, दसरा-दिवाळीला पहिली वेचणी करायची. मग खेडा खरेदीवाला व्यापारी दारात येतो, गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस ओढून धागा बघतो, ओल बघतो. कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर तर यंत्रच लावतात: ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, 12 पर्यंत असेल तर कपात, त्यापुढे गाडी परत. 2025-26च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7,710 रुपये असा फरक होता, तो धागा हातात आल्यावर ठरतो. या व्यापाऱ्यांबद्दल शेतकरी फारसं चांगलं बोलत नाहीत, काटा मारण्यापासून पैसे रखडवण्यापर्यंत सगळं ऐकायला मिळतं. पण मे महिन्यात नांगरलेल्या रिकाम्या वावरात उभं राहून धाग्याची प्रत ठरवणारा व्यापारी मात्र या तालुक्यात अजून निघालेला नाही. तो मान आपला.

आता आपण नेमकं पाहता तरी काय? शिकवणं सुरू झालेलं नाही, त्यामुळे शिकलेलं पाहण्याचा प्रश्न येत नाही. दिसतं ते एवढंच, की या उमेदवाराला अमुक संस्थेत प्रवेश मिळाला आहे आणि त्याआधी तो तमुक ठिकाणी काम करत होता. मायकल स्पेन्स यांनी 1973 साली मांडलं होतं, की पदवीने माणसाची कुवत वाढली नाही तरी पदवीला बाजारात भाव येऊ शकतो, कारण ती मिळवणं कमी कुवतीच्या माणसाला जास्त जड जातं आणि मालकाला तेवढी खूण पुरते. या कामासाठी त्यांना 2001 साली नोबेल मिळालं. त्यांच्या सिद्धान्तात निदान पदवी घ्यावी तरी लागत होती. आपण प्रवेशपत्रावरच भागवलंत! काही अमेरिकन संस्थांत, उदाहरणार्थ व्हार्टन आणि शिकागो बूथमध्ये, विद्यार्थी आपले गुण कंपन्यांना सांगत नाहीत असा रिवाज आहे. तिथे वर्ग सुरू झाल्यावरही आपल्याला वर्गातलं काही कळत नाही आणि कळावं असा आपला आग्रहही दिसत नाही. आयआयएमच्या समर प्लेसमेंटला तर दहावी-बारावीच्या टक्क्यांवर चाळणी लागते. म्हणजे विद्यार्थ्याने पंचवीस लाखांच्या घरातली फी भरायची, आणि आपण त्याला सोळाव्या वर्षीच्या मार्कलिस्टवरून ओळखायचं. ती मार्कलिस्ट त्याच्याकडे फुकट होती. मधल्या लाखांत आपण काय विकत घेतलंत ते कळत नाही, कारण ते लाख आपले नव्हतेच.

‘लवकर निवडलं तर बिघडलं काय’ असं आपण विचाराल. हा प्रयोग आपल्या आधी एकदा होऊन गेला आहे, त्याची कागदपत्रं उपलब्ध आहेत. अमेरिकेतली इस्पितळं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंटर्न डॉक्टर मिळवण्यासाठी एकमेकांच्या पुढे धावू लागली. शेजारच्या इस्पितळाने महिनाभर आधी विचारलं की हे दोन महिने आधी विचारणार. असं करत 1940च्या दशकाच्या मध्यापर्यंत नेमणुका जवळजवळ दोन वर्षं आधी ठरू लागल्या, म्हणजे ज्याने अजून धड रुग्ण तपासलेला नाही त्याला रुग्ण तपासायला नेमायचं. शेवटी 1945 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांनी ठराविक तारखेआधी गुणपत्रक आणि शिफारसपत्रं द्यायचीच नाहीत असं ठरवलं. तारखेची धाव थांबली, तर मुदतीची सुरू झाली. नेमणूक स्वीकारायला दिलेले दहा दिवस आकसत गेले, आणि 1949 मध्ये बारा तासांची मुदत सुचवली गेली तेव्हा इस्पितळांच्या संघटनेने ती फार लांब आहे म्हणून नाकारली. 1952 साली सर्वांच्या पसंतीक्रमांची एकत्र जुळणी करणारी केंद्रीय पद्धत आली तेव्हा कुठे हे थांबलं. ॲल्विन रॉथ यांनी हा सगळा इतिहास उलगडला, इतर बाजारांतही हीच धावपळ दाखवून दिली, आणि 2012 चं नोबेल लॉईड शॅप्ली यांच्यासोबत मिळवलं. त्या इस्पितळांत कुणी दुष्ट नव्हतं, मूर्खही नव्हतं. प्रत्येक जण शहाणपणाने एक पाऊल पुढे टाकत होता आणि सगळे मिळून खड्ड्यात चालले होते.

पण सोयगावच्या दृष्टीने त्याहून कामाची गोष्ट पोटविकारतज्ज्ञांची आहे. त्यांच्या उच्च प्रशिक्षणाच्या जागा अमेरिकेत 1986 पासून अशाच केंद्रीय जुळणीतून भरल्या जात. 1990च्या दशकाच्या अखेरीस ती व्यवस्था कोसळली आणि पुन्हा लवकर-लवकर निवडीचा खेळ सुरू झाला. म्यूरिएल नीडर्ले आणि रॉथ यांनी 2003 मध्ये दाखवलं, की जुळणी मोडल्यावर डॉक्टरांची फिरती कमी झाली. इस्पितळं आपल्याच आवारात आधीचं प्रशिक्षण घेतलेल्या उमेदवारांना जास्त घेऊ लागली. कारण उघड आहे. लवकर निवडायचं तर पुरावा अपुरा, आणि पुरावा अपुरा असला की माणूस ओळखीकडे वळतो. माहितीची जागा परिचय घेतो. लॉरेन रिव्हेरा यांनी वरच्या दर्जाच्या सल्लागार, बँकिंग आणि वकिली कंपन्यांत निवड करणाऱ्या 120 जणांच्या मुलाखती घेऊन 2015 साली जे पुस्तक लिहिलं, त्यातही हेच सापडतं: नामांकित संस्थांची छोटी यादी, आणि यादीच्या आत ‘आपल्यात बसेल का’ हा प्रश्न, ज्याचं उत्तर छंद, खेळ आणि गप्पांच्या सुरावरून ठरतं. वर्ग सुरू होण्याआधीच्या चहापानात या गप्पांखेरीज मोजण्यासारखं दुसरं असतं तरी काय? सोयगावातून, पाचोऱ्यातून किंवा सिल्लोडातून वर आलेला मुलगा आणि दक्षिण मुंबईत वाढलेला मुलगा यांच्यातलं अंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम बऱ्यापैकी कमी करू शकतो. केस मांडायची कशी, ताळेबंद वाचायचा कसा, दहा अनोळखी माणसांच्या टेबलावर न अडखळता असहमत व्हायचं कसं, हे तिथे शिकवतात आणि त्यासाठीच तो कर्ज काढतो. आपण नेमकं ते अंतर सर्वांत जास्त असतं त्या दिवशी मोजमाप करता.

आपली उत्तरं काय असतील याचा अंदाज आहे, त्यांतली काही खरीही आहेत. पहिलं असं, की हे कार्यक्रम उलट मागे पडलेल्यांसाठीच आहेत. ज्याच्या घरात कुणी सल्लागार कंपनीचं नाव ऐकलेलं नाही, त्याला आधी माहिती मिळते. याला आधार आहे. अमेरिकेतली ‘कन्सोर्शियम’ ही संस्था 1966 मध्ये कृष्णवर्णीय तरुणांना व्यवस्थापन शिक्षणाचं दार उघडावं म्हणून सुरू झाली, आणि वर्ग भरण्याआधी तिचे विद्यार्थी कंपन्यांना भेटतात ते वर्षानुवर्षांची दरी थोडी बुजावी म्हणून. 2001 पासून फोर्टे फाउंडेशन स्त्रियांसाठी असंच काम करतं. त्यांना हात लावायचं कारण नाही. पण त्यांच्यासाठी उघडलेल्या दारातून आता सगळा बाजार आत शिरला आहे. जे खास मदत म्हणून एकाला आधी मिळत होतं ते सर्वांनाच आधी मिळू लागलं, तर मदत संपते आणि फक्त तारीख अलीकडे येते. आणि हेतू माहिती देण्याचाच असेल तर तपासायला सोपी कसोटी आहे: नाव-गाव न विचारता, सीव्ही न मागता कार्यक्रम घ्या, आणि त्याचं चित्रण सर्वांसाठी खुलं ठेवा. मराठीत उपशीर्षकं टाकलीत तर सोन्याहून पिवळं. सीव्ही मागितला की ती माहिती राहत नाही, छाननी होते.

दुसरं उत्तर, की येणं ऐच्छिक आहे. कागदावर आहेच. पण वर्गातले निम्मे जाऊन आले की उरलेल्यांची गैरहजेरी बोलू लागते, ‘याला रस नसावा.’ त्या गैरहजेरीची कारणं रसाशी संबंधित नसतात. अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा हाती असला तरी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांहून आधी त्यावर देशात पाऊल ठेवता येत नाही. जूनमधल्या न्यूयॉर्कच्या चहाला भारतातला मुलगा त्या व्हिसावर कसा पोचणार? ऑनलाइन कार्यक्रम असतात, मान्य. पण आपले अधिकारीच सांगतात की खरी ओळख समोरासमोर होते. इथल्या आयटी कंपन्यांत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. कर्जाचे हप्ते डोळ्यांसमोर असलेला मुलगा शेवटचा पगार सोडत नाही. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते, पण बरोबरीच्या मुलांसारखं उन्हाळाभर मोकळं राहण्याची सवलत कुठल्याच योजनेत नाही.

तिसरं उत्तर सर्वांत प्रामाणिक: आम्ही थांबलो तर समोरची कंपनी उत्तम मुलं उचलून नेईल. हे खरं आहे, आणि म्हणूनच हे एकट्याने सुटणारं नाही. गंमत अशी, की हीच चाल आपल्यावर उलटते तेव्हा आपल्याला तिचा अन्याय लख्ख दिसतो. प्रायव्हेट इक्विटी फर्म बँकांच्या नव्या विश्लेषकांना, ते बँकेत नीट बसण्याआधीच, दोन वर्षांनंतरच्या नोकऱ्या देऊ लागल्या. जून 2025 मध्ये जेपी मॉर्गनने आपल्या नव्या भरतीला कळवलं, की रुजू होण्याआधी किंवा पहिल्या अठरा महिन्यांत अशी पुढची नोकरी स्वीकारलीत तर घरी जा. त्यानंतर अपोलो या प्रायव्हेट इक्विटी फर्मने त्या वर्षीपुरती ही भरती थांबवली. मुलं अजून काही शिकली नाहीत, इतक्या लवकर निवड त्यांच्याही हिताची नाही, असा सूर तेव्हा उमटला. अगदी रास्त! फक्त हा युक्तिवाद बँकेच्या दारापर्यंत येऊन थबकतो, महाविद्यालयाच्या दारापर्यंत जात नाही.

तेव्हा विनंती अशी. आपण आणि संस्थांनी मिळून एक तारीख ठरवावी. पहिलं सत्र संपून त्याचे निकाल लागेपर्यंत कुणी सीव्ही मागू नये, कुणी खासगी जेवण देऊ नये, आणि कुणी मोडलं तर त्या वर्षी त्याला आवारात येऊ देऊ नये. वैद्यकीय महाविद्यालयांनी गुणपत्रकं रोखली तेव्हाच पहिला लगाम बसला होता. आवार संस्थेचं असतं, त्यामुळे लगामही संस्थेच्याच हातात आहे. ज्या संस्था सरासरी पॅकेजच्या जाहिरातीवर जगतात त्यांना हे जड जाईल, पण विद्यार्थ्याची फी त्या शिकवण्यासाठी घेतात असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं.

हे मंजूर नसेल, तर दुसरा पर्याय. पहिल्या तासाआधीच माणूस ओळखण्याची विद्या आपल्याला खरोखर वश असेल, तर मग प्रवेशाची तरी वाट का बघता? थेट सोयगावच्या महाविद्यालयात या, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाच्या मुला-मुलींशी दोन दिवस गप्पा मारा आणि निवडा. त्यांची फी वाचेल, आपलीही दोन वर्षं वाचतील. जे आपण अहमदाबादेत मोजता ते इथेही तेवढंच मोजता येईल. इथे निवडण्यात धोका वाटत असेल, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम मधे काहीतरी करतो असं आपणच मानता, आणि मग तो होऊ द्यायला हवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
सोयगाव तालुक्यातला एक पत्रलेखक

ता. क. : दुसरा पर्याय पसंत पडल्यास उतरायची सोय फर्दापूरला पर्यटन महामंडळाच्या निवासात होऊ शकेल. कार्यक्रम शक्यतो सोमवारी ठेवावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे आपली माणसं मुलाखती अर्धवट टाकून तिकडे जाणार नाहीत.