पायलट सर

लोकांनी उत्तर दिलं की सर्वेवाल्याचं काम संपतं. पायलट सरांचं तिथून सुरू होतं. दर्यापूरकडच्या एखाद्या अंगणात बाजेवर बसलेल्या बापाने ‘पोट्ट्याले काई टेन्शन नाई’ असं सांगून टाकलेलं असतं. सर नम्रपणे विचारतात, ‘भाऊ, हे ‘नाही’ तुम्ही कसं ठरवलं? मनात आधी काय आलं?’ बाप सावरून बसतो. ‘काहून? खोटं वाटून रायलं का तुमाले?’

मुलांचं मानसिक आरोग्य आणि विशेष शिक्षण यांची प्रश्नावली पुण्या-मुंबईकडे तयार होते. ती वऱ्हाडात टिकते का, याची सर्वेच्या मोहिमेआधी पायलट चाचणी घ्यायला सर अमरावती-अकोल्यात फिरतात. निवृत्त मास्तर. आयुष्यभर उत्तरं तपासली, आता प्रश्न तपासतात, आणि मार्क द्यायला पूर्वीइतकेच चिक्कू. पॅडला दोऱ्याने बांधलेलं लाल पेन. ऐकणारीने ‘हं?’ केलं की प्रश्नापुढे एक टिंब, सासूकडे पाहिलं की दोन, ‘तुमीच लिवा ना सर’ म्हटलं की सरळ काट. पानाला गोवर आल्यासारखा दिसू लागला की सर खुलतात. सुरळीत चाललेला प्रश्न त्यांना संशयास्पद वाटतो.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची 1997 सालची 25 प्रश्नांची यादी जगभर वापरतात; सरांच्या प्रश्नावलीतही ती आहे. गेले सहा महिने आठवून पालकाने सांगायचं: खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. सर तिच्याविषयी आदराने बोलतात, पण त्या सहा महिन्यांशी त्यांचं वैर आहे. इकडची माय बोटं मोजत सोयाबीनच्या काढणीपर्यंत जाते, तिथून नणंदेच्या लग्नात शिरते आणि प्रश्न मांडवातच राहतो. सरांनी ‘सोयाबीन निघाल्यापासून’ असं सुचवून पाहिलं. वरून विचारणा आली: शेती नसलेल्यांचं काय? सर त्या रात्री जेवले नाहीत. मधलं ‘थोडंफार’ तर कोणी घेतच नाही. पोट्टं एक तर बम हुशार, नाही तर ‘कायचं हुशार!’ आणि मूल खोटं बोलतं का, हे आईला विचारायचं असलं तरी उत्तर शेजारीण देते, पुराव्यासकट.

दिव्यांगांच्या 1995च्या कायद्यात 7 प्रकार होते, 2016च्या कायद्याने ते 21 केले. कार्यालयाने सगळे एकाच प्रश्नात कोंबले. अकोटजवळ सर यादी वाचत होते. निम्म्यावर घरधनी काकुळतीला आला, ‘सर, यातलं एक घ्याच लागते का?’

अकोला शहरात कमालच झाली. ‘मुलाला विशेष शिक्षण मिळतं का?’ म्हटलं की बाप छाती काढून ‘हो’. म्हणजे नीटचा क्लास लावलाय, पूर्ण फी भरलीये. मोहीम तशीच निघती तर विशेष शिक्षणात अकोला देशात पहिला येता. सरांनी काट मारून लिहिलं, ‘शिकायला जड जाणाऱ्या लेकरांसाठी शाळेत वेगळे सर-मॅडम येतात का?’ एका बाईने सूप बाजूला ठेवलं. ‘येतात ना, बुधवारी. त्या दिवशी पोट्टं दप्तर नाई लपवत.’ सरांनी टिंब दिलं नाही, अख्खं वाक्य उतरवून घेतलं.

घरी सौ.नी ‘चहा घेता का जेवता?’ म्हटलं की सर म्हणतात, ‘यात दोन प्रश्न आहेत.’ त्या दोन्ही देत नाहीत.

सध्या गाडी भीतीपाशी अडली आहे. मुलाला भीती वाटते का, विचारलं की बाप उसळतो, ‘माह्यं पोट्टं कोनाच्या बापाले भेत नाई!’ म्हणून सरांनी नवा प्रश्न बेतला आणि बडनेरा स्टेशनबाहेर चहावाल्यावरच चालवून पाहिला: ‘रात्री लघवीला उठलं की सोबत कोणी लागतं का?’

चहावाला कप विसळता विसळता थांबला. ‘कोनाले? मले का पोट्ट्याले?’

सरांनी पेनाचं टोपण दातांनी उघडलं. चेहरा उजळला होता. ‘भाऊ, तुम्हाला असं का वाटलं, जरा सांगता?’