बीडहून बोटीनं

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. मुंबईचा धक्का इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. तरीही इथल्या एखाद्या कुटुंबानं भाऊ-भावजया, दाजी, आक्का, गल्लीतले शेजारी आणि कॉलेजातले मित्र अशी वीस-पंचवीस माणसं गोळा करून क्रूझला जायचा बेत मांडला, तर गावात त्याला मूर्खपणा म्हणतात. आहेच तो मूर्खपणा. माझं म्हणणं इतकंच की हा मूर्खपणा चांगला आहे, आणि तो आपल्याकडे अजून पुरेसा होत नाही.

समुद्र नसताना समुद्राचा ध्यास घेणं आपल्या भागाला नवं नाही. मराठवाडा निझामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याला किनारा नव्हता. १९४७ साली निझाम उस्मान अली खानाच्या दरबारानं पोर्तुगिजांकडून गोव्याचं मार्मागोवा बंदर मिळवण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला, आणि पुढच्याच वर्षी १७ सप्टेंबरला ते राज्यही संपलं. त्या निझामाला बंदर हवं होतं ते भारतापासून वेगळं राहण्यासाठी. आपल्या दाजींना हवी आहे ती खिडकी असलेली एक खोली, तीही तीन रात्रींपुरती. दोघांच्या वेडात दाजींचं वेड कितीतरी सरस.

आणि वाट पाहणं तर आपल्याला कुणी शिकवायला नको. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या तीस वर्षांत रेल्वेची आशा धरणाऱ्यांनाही लोक खुळेच म्हणत होते. त्या खुळ्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, स्टेशन कुठं होणार यावर पैजा लावल्या. शहाणे तेवढा काळ ट्रॅव्हल्सच्या गाडीत झोपून पुण्याला जात राहिले. रूळ आले ते खुळ्यांमुळे.

आता बेताकडे. पहिला प्रश्न तारखेचा, आणि तो सगळ्यात अवघड. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा हंगाम साधारण पावसाळा सोडून असतो. नेमका तोच आपला कामाचा काळ. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची सुगी, एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि जूनमध्ये पेरणी आली की जहाजंही मुंबईत नसतात. मास्तरांना सुट्टी असते तेव्हा मेडिकलवाल्याला नसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तारीख पडते, तिच्यावर अंगठे येतात, आणि रात्री एक मामा हळूच लिहितात की त्या दिवशी आमच्याकडं साखरपुडा हाय. मग पुन्हा पहिल्यापासून. यात जाणारा वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. एरवी ज्या भावांची गाठ फक्त तेराव्याला किंवा तहसीलच्या आवारात पडते, ते महिनाभर रोज एकमेकांना विचारत राहतात की तू मोकळा कधी आहेस.

मात्र तारीख ठरली की पाळायची. अंबाजोगाईच्या योगेश्वरीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला, लग्न राहिलं आणि वऱ्हाड दगडाचं झालं. कोकणातल्या, समुद्राकाठच्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवी. ती बालाघाटाच्या कुशीत येऊन राहिली. वऱ्हाड उशिरा निघालं तर काय होतं, हे या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक नसावं. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी आत घेणं बंद होतं आणि कुणाही पाहुण्यासाठी ते थांबत नाही. म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठायची. मुरबाडला भाच्याकडं चहाला थांबू, हा प्रस्ताव बैठकीतच नाकारायचा.

दुसरा प्रश्न खोल्यांचा. इथं मात्र घाई करू नये, कारण सगळ्या बेताचं मर्म इथं आहे. जहाजावर खिडकी नसलेली आतली खोली स्वस्त, समुद्र दिसणारी महाग, गॅलरीवाली त्याहून महाग. एका खोलीत तीन-चार माणसं घालायची तर वरचे पलंग भिंतीतून उघडतात. आता गॅलरी कुणाला? सगळ्यात जास्त पैसे भरणाऱ्या धाकट्या भावाला, की गुडघे धरलेल्या मोठ्या आक्काला? नणंद-भावजय एका खोलीत चालतील का? ज्यांचं बांधावरून बोलणं बंद आहे, ते दोघं चुलतभाऊ शेजारच्या खोल्यांत ठेवायचे की वेगवेगळ्या मजल्यांवर? वाटणीपत्रात जे प्रश्न वकिलाला फी देऊन सुटत नाहीत, ते इथं कागदाच्या एका तुकड्यावर मांडावे लागतात, आणि बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतं, मी झोपतो की आतल्या खोलीत, मला कुठं समुद्र बघत झोपायचंय. असं वाक्य घरात एकदा बोललं गेलं तरी खर्च वसूल झाला, असं मी धरतो.

म्हातारी माणसं विचारतील की बोट बुडाली तर? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या आठवणीनं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बोटीचं नाव टाकलं. त्यांना नीट सांगावं. जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच प्रत्येक प्रवाशाला जमायची जागा आणि जीवरक्षक जाकीट दाखवावंच लागतं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज दुर्घटनाग्रस्त झाल्यावर हा आंतरराष्ट्रीय नियम कडक झाला. आपल्या पंचवीस जणांनी तो सराव टाळून जेवणाच्या रांगेत उभं राहू नये. धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे घेऊ नयेत, घरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत. आणि मांजरसुंब्याच्या घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते, म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्याव्यात.

एक गोष्ट मात्र हट्टानं विचारावी: इथं पाणी कसं बनवता? मोठी जहाजं समुद्राचं खारं पाणी गोडं करून वापरतात. ज्या जिल्ह्यातलं मांजरा धरण आटलं आणि २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ज्या जिल्ह्यातल्या बायांनी टँकरमागे घागरी घेऊन धावण्यात उमेदीची वर्षं घालवली, तिथल्या मावशीनं नळाखाली हात धरून हे ऐकावं. कॅसिनो नंतरही बघता येईल.

शहाणी माणसं सांगतील की त्या पैशात बोअर पाडा. याचा मला खरोखर राग येतो. पाचशे फुटांखाली जाऊन फुफाटा काढलेली बोअर आपल्या प्रत्येक शिवारात आहे. तिच्यासाठी सोनं मोडलेलं असतं, सावकाराचं व्याज अजून चालू असतं, पण तिला कुणी मूर्खपणा म्हणत नाही. मंडप, डीजे, हजारांच्या पंगती आणि त्यापायी विकलेलं दीड एकर, यालाही रीत म्हणतात. भिशीत महिन्याला थोडे थोडे टाकून, कुणाचं एक रुपयाही कर्ज न काढता, एका बाईनं समुद्र बघायचं ठरवलं की मात्र सगळ्यांना हिशेब आठवतो. टंचाईच्या जिल्ह्यातल्या माणसानं फक्त टंचाईचेच बेत करावेत, हा नियम कुणी केला? गरज नसलेल्या एखाद्या गोष्टीसाठी झुरण्याचा हक्क पाऊस कमी पडतो म्हणून काढून घेता येत नाही.

खरं तर कुटुंबासह दूर जायचा बेत आपल्याइतका कुणालाच जमत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसं ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, बरोबर लेकरं, गाढ झोपेतली. सहा महिन्यांचा प्रवास, आणि त्यातला एक दिवसही स्वतःच्या हौसेचा नाही. माझ्या मते क्रूझच्या बेतातली खरी चूक एकच: यादी करताना ही माणसं आपल्याला आठवतच नाहीत. शेताचा वाटेकरी, गल्लीतली ऊसतोडीच्या टोळीवर जाणारी मावशी, जिच्या पोरीबरोबर आपली पोरगी शाळेत जाते. त्यांना भिशीत घ्या. त्यांचा हप्ता सोयीनं ठेवा, टोळीवर असतील ते महिने माफ करा. आणि तारखेचा घोळ त्यांच्यापासूनच सोडवा: कारखान्याचा पट्टा पडल्यावर आणि पेरणीच्या आधी, एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. तेव्हा मास्तरांना सुट्टी असते, जहाज सहसा अजून मुंबईत असतं, आणि टोळ्या घरी परतलेल्या असतात. साखरपुडेवाल्या मामांना तारीख आत्ताच कळवा.