काकांचं रुटीन

सोमवारी संध्याकाळी मुंबईतल्या कुठल्याही व्यायामशाळेत जा, बेंचसमोर रांग लागलेली दिसेल. स्क्वॉटचा रॅक मात्र मोकळा. त्यावर पोरांचे नॅपकिन वाळत असतात. सोमवारी छाती मारायची हा नियम कुणी घालून दिला कुणास ठाऊक, पण त्या दिवशी पाय मारणाऱ्याकडे लोक चतुर्थीला कोंबडी खाणाऱ्याकडे पाहावं तसे पाहतात.

मी चाळिशीनंतर या पंथात आलो. उंची भरपूर, हात लांब, आणि मनगटं अशी की घड्याळाच्या पट्ट्याला जादा भोक पाडून घ्यावं लागतं. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940 साली देहाचे तीन साचे सांगितले होते: काटकुळा, गोलमटोल आणि पिळदार. शरीरावरून स्वभाव ओळखण्याची त्याची हौस शास्त्राने केव्हाच मोडीत काढली, पण त्याच्या तीन साच्यांचं चित्र आमच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर अजून लटकलेलं आहे. त्या चित्रासमोर उभा राहून मी स्वतःला शोधलं. हातपाय पहिल्याचे, पोट दुसऱ्याचं. तिसऱ्याचं माझ्याकडे काही निघालं नाही.

मग गुरू शोधणं आलं. अरनॉल्ड श्वार्झनेगर सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया झाला. स्पर्धेच्या तयारीत तो आठवड्यातले सहा दिवस, दिवसातून दोनदा व्यायाम करायचा. हे वेळापत्रक वाचून मला पहिला प्रश्न पडला तो असा, की हा माणूस डोंबिवलीहून कितीची लोकल पकडत असेल? दुसऱ्या टोकाला माइक मेंट्झर. 1978 साली मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत पैकीच्या पैकी गुण मिळवलेला. त्याचं म्हणणं, मोजकेच सेट मारा, पण असे की शेवटचा रेप, म्हणजे शेवटची उचल, काही केल्या जमू नये. मग घरी जाऊन विश्रांती घ्या. यातला विश्रांतीचा भाग मला तत्काळ पटला.

1980 साली सिडनीत मिस्टर ऑलिम्पियासाठी दोघे समोरासमोर आले. अरनॉल्ड जिंकला, मेंट्झर त्यानंतर कधी स्पर्धेत उतरला नाही, आणि तो निकाल बरोबर होता का यावर आमच्याकडे कपडे बदलताना आजही हमरीतुमरी होते. भांडणाऱ्यांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. पुढे बर्मिंगहॅमच्या डोरियन येट्सने मेंट्झरच्याच वाटेने जाऊन 1992 ते 1997 सलग सहा वेळा किताब नेला. वाद मिटला म्हणावं, तर 1998 पासून रॉनी कोलमन आला, भरमसाठ सेट मारले आणि आठ वेळा जिंकला. आपले मनोहर ऐच तर अवघे 4 फूट 11 इंच उंच, 1952 साली कमी उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले आणि शंभरी ओलांडून गेले. त्यांनी शरीर कमावलं ते ब्रिटिशांच्या तुरुंगात. ती सोय आता राहिलेली नाही.

मला विचाराल तर प्रत्येक रुटीन हे कुणाच्या तरी देहाचं आत्मचरित्र असतं. त्यात आपलं नाव घालून ते पुन्हा छापायला आपण निघतो, आणि गुडघा आक्षेप घेतो.

आमच्या व्यायामशाळेतल्या अण्णांनी एकही पुस्तक वाचलेलं नाही. माझा बेंच प्रेस ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, तुझे हात केवढे लांब! तुझी दांडी वर पोचेपर्यंत बाजूच्याचे दोन रेप होतात. कशाला भांडतोस तिच्याशी? डंबेल घे." मांडीचं हाड लांब असलं की स्क्वॉटला माणूस पुढे झुकणारच, हेही त्यांनीच सांगितलं, तोवर मी त्याचं खापर चारित्र्यावर फोडत होतो. मग त्यांनी एक वही आणायला लावली. काय उचललं, किती वेळा, झोप किती, कुठे दुखलं.

आहाराचं पान वहीत अपुरंच राहिलं. स्नायू वाढवायचे तर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात. माझ्या साठ किलोंना 96 ग्रॅम, आणि एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. सोळा अंड्यांचा हा हिशेब मी घरी मांडला. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, आज गुरुवार आहे." शेवटी मूग, दही आणि सोयाबीनवर तडजोड झाली.

वहीतून निघालं ते असं: आठवड्यात तीनच दिवस झेपतात. पाठ कितीही मारा, कुरकुरत नाही. खांद्याला दांडीचा बेंच अजिबात चालत नाही, पण आजोबांच्या वेळचे जोर तो बिनतक्रार काढतो. महिनाअखेरीला, ऑफिसात हिशेब जुळत नसताना, कुठलंच वजन उठत नाही. वर्षभरात दंड इतका वाढला की शिंप्याच्या लक्षात आला. बायकोच्या यायचा आहे.

परवा एका पोराने विचारलं, "काका, तुम्ही कुणाचं रुटीन मारता?" मी वही दाखवली. त्याने पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता चार-पाच जण सोमवारी बेंच सोडून जोर काढतात, महिनाअखेरीला सुट्टी घेतात. त्यातला एक काल काळजीत येऊन म्हणाला, "काका, महिना झाला, पण माझा खांदा अजून दुखत नाही. काही चुकतंय का?"