श्रोता पळू नये म्हणून

आयर्लंडच्या दक्षिण टोकाला केप क्लिअर नावाचं बेट आहे. वस्ती शंभर-सव्वाशेची. तिथे दर सप्टेंबरात शनिवार-रविवार धरून गोष्टी सांगणाऱ्यांचा उत्सव भरतो. देशोदेशीचे कथेकरी बाल्टिमोर नावाच्या बंदरातून बोटीने बेटावर उतरतात. कॉर्कला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तिथले फोटो मला पाठवले, मी ते मंडळाच्या बैठकीत दाखवले, आणि छत्तीसगढातल्या भिलाईच्या आमच्या मराठी मंडळींना दोन दिवसांचं साहित्य-कला संमेलन भरवण्याचा झटका आला.

फोटोंत बाकीच्यांना समुद्र दिसला, हिरवे डोंगर दिसले. मला बोट दिसली. शेवटची बोट सुटली की श्रोता जाणार कुठे? पुण्या-मुंबईच्या संमेलनांत कवी तोंड उघडतो न उघडतो तोच माणसं पुस्तकांच्या स्टॉलकडे आणि तिथून वडापावकडे सरकतात. बेटावर ती सोय नाही.

भिलाईला समुद्र नाही. दुर्गच्या बाजूला शिवनाथ नदी आहे, पण तिच्यातून बोटीने पाहुणे आणायचे तर पाहुण्यांनाच वल्ही मारावी लागतील. शेवटी खजिनदारांनी मैत्रीबाग सुचवली. भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून इथल्या पोलाद कारखान्याने केलेली ही बाग. तिथे प्राणी आहेत, तळं आहे, तळ्यात नावा आहेत. एकेका नावेत एक कवी आणि तीन श्रोते बसवायचे, नाव मधोमध न्यायची, अशी योजना. पॅडल कुणी मारायचं, यावर ती बुडाली. कवी म्हणाले, आविर्भावासाठी शरीर मोकळं लागतं. श्रोते म्हणाले, कान आमचे, मग पायही आमचेच का?

तेव्हा ठरलं, की नेहमीचा हॉलच बरा.

भिलाईत कुठलाही कार्यक्रम ठरवताना पंचांग नंतर बघतात, आधी ड्यूटी. 1955 साली कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, आणि भंडारा, गोंदिया, नागपूर, अमरावतीकडची माणसं ट्रंका घेऊन इथल्या सेक्टरांतल्या क्वार्टरांत राहायला आली. पहिली पाळी सकाळी सहा ते दोन, दुसरी दोन ते दहा, तिसरी रात्रभर. भट्टी दिवाळीला थांबत नाही, ती नवकवितेला काय थांबणार!

हे आम्ही पाहुण्या कवींना सांगायला हवं होतं. पण पत्रिकेत प्रत्येकाचं नाव योग्य जागी आहे की नाही, हे बघण्यातच सगळ्यांचा जीव गुंतलेला. स्वागताध्यक्ष, कार्याध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक, संयोजक. शिवाय आभार मानणारे वेगळे आणि आभार मानणाऱ्यांचा परिचय करून देणारे वेगळे. भोजन समितीची बैठक तर साहित्य समितीच्या तिप्पट चालली. विदर्भवाल्यांना पाटवडी-रस्सा हवा होता. आमच्यात एकच काकू कोकणातल्या. त्या म्हणाल्या, ओल्या नारळाशिवाय संस्कृती कशी टिकायची? शेवटी पाटवडी-रस्सा आणि वर खोबरं असा साहित्यिक समझोता झाला. चव समझोत्यासारखीच होती.

पाहुणे पुण्याचे. मुक्काम आमच्याकडे. सकाळच्या पोह्यांवर त्यांनी विचारलं, "इकडे मराठी साहित्याची परंपरा वगैरे काही आहे का हो?"

आमचे अध्यक्ष या प्रश्नाची वर्षानुवर्षं वाट बघत असतात. "आहे म्हणजे काय जी! माधवराव सप्रे. 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं त्यांनी."

"मराठी मासिक?"

"हिंदी."

"बरं."

"टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं ते सप्र्यांनीच. अन् गजानन माधव मुक्तिबोध! घरची भाषा मराठी. 1958 पासून इथे पलीकडच्या राजनांदगावात प्राध्यापक होते. केवढा मोठा कवी!"

"तेही हिंदीतच ना?"

"हो," अध्यक्ष जरा खाली आले. "पण त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत. ते नागपूरले राहत."

थोडक्यात, आमच्या मुलखाने मराठी माणसं वापरून हिंदी साहित्य समृद्ध केलं, हा निष्कर्ष पाहुण्यांनी पोह्यांसोबत गिळला. मग अध्यक्षांनी हुकमाचा पत्ता टाकला. 1981 च्या डिसेंबरात रायपूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं होतं, अध्यक्ष गंगाधर गाडगीळ! आमच्याकडच्या जुन्या मंडळींत त्या संमेलनाला न गेलेला माणूस अजून मला भेटलेला नाही. सगळे खरंच गेले असते, तर त्या दिवशी भिलाईत लोखंड वितळलं नसतं.

पाहुण्यांची मुख्य कविता कामगाराच्या घामावर होती. उद्घाटनाची भाषणं लांबली आणि ते उभे राहिले तेव्हा सव्वा वाजला होता. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच निम्मा हॉल उठला. शांतपणे, रांगेने, कसलीही नाराजी न दाखवता. दुसऱ्या पाळीची वेळ झाली होती. कामगाराच्या घामावरची कविता टाकून कामगार घाम गाळायला निघून गेले. पाहुणे कागदाकडे बघत राहिले. आपण आशयात कुठे चुकलो, हे त्यांना कळेना. अडीचच्या सुमाराला पहिल्या पाळीची मंडळी आली आणि हॉल पुन्हा भरला, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पण ती मंडळी जेवायला आली होती, साहित्य त्यांना फक्त वाटेत लागलं.

यावर उपाय म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी जेवणाची कुपनं कविसंमेलनानंतर वाटायचं ठरवलं. लोकांनी बाहेर उभं राहून कविसंमेलन संपण्याची वाट बघितली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मात्र पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली महाभारताची कथा, ठेवली होती. ज्यांनी ती जगभर नेली त्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला होत्या, 2019 साली पद्मविभूषण झाल्या. आमच्याकडे आली होती ती एका गावातली साधी मंडळी. त्यांच्यातल्या गाणाऱ्या बाईंनी तंबुरा हातात घेतला आणि पाच मिनिटांत त्याची भीमाची गदा झाली. मांडववाले, चहावाला, शेजारच्या बांधकामावरची माणसं आत येऊन उभी राहिली. दुसऱ्या पाळीचे काही जण दहाला सुटून तडक हॉलवर आले. जेवण संपलेलं आहे हे माहीत असून आले, हे महत्त्वाचं.

मी मात्र रागीकडे बघत होते. पंडवानीत गाणाऱ्याच्या साथीला एक रागी असतो. त्याने दर ओळीला "हव" म्हणायचं, चकित व्हायचं, "मग पुढे काय झालं?" असं विचारायचं. म्हणजे श्रोता पळेल या भीतीवर या लोकांनी केव्हाच तोडगा काढलेला आहे: एक श्रोता मंचावरच बसवून ठेवायचा! मी लगेच अध्यक्षांना सुचवलं, की पुढच्या वर्षी प्रत्येक कवीने स्वतःचा रागी आणावा. अध्यक्षांनी माझ्या यजमानांकडे सहानुभूतीने बघितलं. मीही कविता करते, हे त्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या रात्री पाहुण्यांची गाडी होती. दुर्ग स्टेशनला फोन केला तर गाडी सहा तास लेट. पाहुणे आमच्या बैठकीत सोफ्यावर बसले, त्यांनी स्वेटर चढवला आणि डोळे मिटले.

ही बातमी सेक्टरभर कशी पसरली, कोण जाणे. सगळ्यात आधी कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले भाऊ आले, हातात वही. त्यांच्यामागे शाळेतल्या बाई. मग खजिनदार, ज्यांना कविता येते असा आम्हाला संशयही नव्हता. दहा वाजून गेल्यावर दुसऱ्या पाळीवाले दोघे आले, डबा आणि वही एकाच पिशवीत. पाहुणे मधे बसलेले, दारात चपलांचा ढीग, आणि बाहेर पडायला गाडीशिवाय दुसरं साधन नाही. पहिल्या तासात ते "वा" म्हणत होते. दुसऱ्यात नुसती मान. बारानंतर त्यांच्या तोंडून अगदी स्पष्ट "हव" निघालं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "वहिनी, रात्रपाळी किती वाजता सुटते?"

"सहाला."

"आणि माझी गाडी?"

"आता साडेसातची सांगतायत."

त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांच्यात कवी किती?"