भाऊजींचा पॉवर टिलर

"वहिनी, भाऊजी पॉवर टिलर घेतायत म्हणे?"

"तुमच्यापर्यंत आलं का एवढ्यात?"

"येणार नाही? काल दुकानात अर्ध्या वाडीला कॅटलॉग दाखवत होते. बारा एचपी! आणि तुमचं परडं विहिरीपासून गडग्यापर्यंत चार गुंठे. चालवणार कुठे?"

"ह्यांचं म्हणणं, एचपी जास्त तेवढं काम चोख."

"वरच्या अळीत आणलंय ना तसलं डिझेलचं धूड. मळ्यात चिखलणीला झकास, पण पोफळींच्या मधे वळेल तर शपथ. सध्या पडवीत पडलंय, त्याच्याखाली कोंबडी खुडूक बसलीय."

"अगं बाई! मग पॉवर वीडर घ्यावा का?"

"तो बरा. पेट्रोलचा पाच-सहा एचपीचा पुष्कळ झाला. पण रिव्हर्स गिअर हवा हं, नाहीतर गडग्याशी गेल्यावर मागे ओढताना कंबरडं मोडतं. पात्यांची रुंदी कमी करता येते का, तेही विचारायचं. वांग्याच्या ओळींत जागा जेमतेम अडीच फूट, तिथे तीन फुटी वीडर गेला की वांगी संपली. आणि टू-स्ट्रोक नको. पेट्रोलात ऑइल मिसळायचं भाऊजी विसरले, की इंजिन जाम."

"विसरतीलच. पण सबसिडी आहे म्हणतात."

"आहे की. महाडीबीटीवर अर्ज करायचा. लहान शेतकऱ्याला आणि बायकांना निम्म्यापर्यंत, बाकीच्यांना चाळीस टक्के. वर रकमेची मर्यादा असते ती वेगळीच. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे ना? मग अर्ज तुम्हीच करा. आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत भाऊजींना दुकानाच्या वाटेला जाऊ देऊ नका. आधी खरेदी केलीत तर अनुदानावर पाणी सोडा."

"बाई बाई, कित्ती भानगडी!"

"खरी भानगड तर तुमच्या पायाशी आहे. तो बघा, लव्हाळा. यंत्राने त्याच्या गाठी तुटून परडंभर पसरतात आणि एकेक गाठ नव्याने फुटते. तेवढा भाग आधी कुदळीने खणून गाठी वेचून काढा. पोफळीच्या बुंध्याशीही यंत्र नको, मुळं अगदी वरवर असतात."

"आणि फिरवायचं कधी? परवाच पाऊस झालाय."

"वाफसा आल्यावर. मूठभर माती दाबून बघायची. गोळा सहज फुटला तर चालवा, हाताला चिकटला तर थांबा. ओल्यात फिरवलंत तर ढेकळं अशी वाळतात, की घणच आणावा लागेल."

"एवढं सगळं ऐकून घ्यावंसंच वाटत नाही हो."

"घेऊच नका! खालच्या वाडीतला मुलगा तासाच्या भाड्याने वीडर देतो, चालवतोही तोच. वर्षातून दोनदा तर लागणार. चार गुंठ्यांना भाड्याचाच परवडतो, वहिनी. भाऊजींना सांगा, कॅटलॉग वाचायला ठेवा."