केराचा आठवडा

स्टुटगार्ट, रविवार

ती. सौ. आईस,


तुझ्या धाकट्याने काल जिना पुसला. चष्मा बदलू नकोस, बरोबर वाचलंस. कोपऱ्यांसकट पुसला.

गिरगावात केरसुणी दिसली की मला हटकून अभ्यास आठवायचा, ते तू विसरली नसशील. इथे ती पळवाट नाही. इथे 'केअरवोखं' असते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणी मराठीच बोललं! अर्थही जवळजवळ तोच निघाला: केराचा आठवडा. पाळी आली की दारावर पाटी लटकते, आठवडाभर जिना आणि कठडा तुमचा. शनिवारी काम उरकायचं आणि पाटी पुढच्याच्या दाराला अडकवायची. हे खूळ जुनं आहे. १४९२ साली, तिकडे कोलंबस अमेरिकेला धडकत होता तेव्हा, दर आठवड्याला आपापली घाण बाहेर न्या, असं इथल्या नगरनियमांत लिहून झालं होतं. फुटपाथ झाडायची आठवड्याची सक्ती १९८८ मध्ये सैल झाली. जिन्यापर्यंत ती दया पोचली नाही. जिना आमच्या भाडेकरारातच आहे.

मी सुरुवातीला काय केलं असेन, ते तुला सांगायला नको. पाटी गुपचूप समोरच्या दाराला लावली. दहा मिनिटांत परत आमच्याकडे! खालच्या मजल्यावरच्या आजी. बोलल्या काही नाहीत. कठड्यावरून एक बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत उभ्या राहिल्या. अगदी तूच गं! मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, ते उगाच नाही.

शेवटी तुझ्या सुनेने युक्ती काढली. पुलंचं कथाकथन फक्त जिना पुसताना ऐकायचं, फडकं खाली ठेवलं की बंद. (स्वतःच्या इस्त्रीसाठी तिने नाट्यगीतं राखून ठेवली आहेत. इस्त्रीचा डोंगर तरीही तसाच आहे, पण ते तू मला विचारलं नाहीस.) काल 'म्हैस' लावली. गोष्ट रंगात आली, एसटी अजून रस्त्यातच, आणि माझ्या पायऱ्या संपल्या! तोंडपाठ असूनही राहवेना. म्हणून वरच्या मजल्याच्या आठ पायऱ्या फुकटात पुसल्या.

नेमक्या आजी वर आल्या. हातात बादली, एकटाच खिदळतोय आणि तोही दुसऱ्याचा जिना पुसताना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. मला हसता हसता नीट दिसलं नाही. आता इमारतीत माझं नाव झालंय. तळघर आणि अंगण झाडण्याची मोठी पाळी असते, तिच्यासाठी 'हौशी माणूस' म्हणून माझाच विचार चालू आहे.

बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. दिवाळीला पंधरा दिवस येतोय. हे पत्र ताईला दाखवू नकोस. माळ्यावरची पितळी भांडी अजून घासायची असतील.