गुन्हा क्षणाचा, सही तीन दिवसांची

प्रत्येक सत्तेला हद्द असते. पण ती बदलल्याचा पत्ता प्रजेला लागू न देण्याची किमया रोहा रेल्वे स्थानकाइतकी क्वचितच कुणाला साधली असेल, कारण मध्य रेल्वेचा कारभार तिथे संपून कोकण रेल्वेचा सुरू होतो आणि गाडीतला प्रवासी मात्र निवांत वडापाव खात असतो. इंटरनेटवर नेमके उलटे घडते. तिथे चोर सगळ्या हद्दी बसल्या जागी ओलांडतो आणि दर हद्दीवर उतरून कागद दाखवण्याची पाळी फिर्यादीवर येते.

पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात, त्यामुळे अनोळखी गिऱ्हाईकाने फोनवरून मोठी मागणी नोंदवली तर तिथल्या कारखानदाराला नवल वाटत नाही. असे गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देतो म्हणून एक क्यूआर कोड धाडते; तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे यायचे राहतात आणि असलेले जातात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा प्रसंगासाठी स्वतःला पृथ्वीएवढी हद्द बहाल केली आहे, कारण भारतातील संगणकाला धक्का लावणारा गुन्हेगार जगात कुठेही असला तरी कलम ७५ त्याला लागू होते. मात्र कलम ७८ नुसार या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. थोडक्यात, कायद्याचा अंमल ब्राझीलपर्यंत आणि तपास एका खुर्चीपुरता. भरपाई हवी असल्यास पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकणारा न्यायनिर्णय अधिकारी, म्हणजे राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव, मुंबईत मंत्रालयात बसतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने फिर्यादीची ही वणवण ओळखली आहे. तिच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने धाडली तरी चालते. फक्त खबर देणाऱ्याने तिच्यावर तीन दिवसांच्या आत सही केली पाहिजे, तरच ती नोंदली जाते. हेतू खोट्या तक्रारींना आळा घालण्याचा असावा आणि तो रास्तही आहे. पैशांना मात्र सहीची अट नसल्याने ते तेवढ्या वेळात अनेकांच्या भाड्याच्या खात्यांतून फिरून आलेले असतात.

पुढचा मुक्काम पुराव्याचा. जालन्यातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारल्याचा आरोप होता; त्याचे चित्रण निवडणूक अधिकाऱ्याच्याच कार्यालयातल्या कॅमेऱ्यांनी केले होते, पण ते अस्सल असल्याचा दाखला याचिकाकर्त्यांनी वारंवार मागूनही त्याच सरकारी यंत्रणेने दिला नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा दाखला अनिवार्य ठरवला, आणि मूळ यंत्रच न्यायालयात हजर केल्यास मात्र त्याची गरज नाही असा खुलासा केला. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने दाखल्याचे दोन भाग केले: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. परदेशातला सर्व्हर उचलून रायगडच्या न्यायालयात आणणे कठीण. तज्ज्ञ पेणमध्ये मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे पुष्कळ मिळतात, हॅश व्हॅल्यूचे, म्हणजे फायलीच्या आकडी ठशाचे, कमी.

तेव्हा कारखानदाराने आपला फोनच पुरावा म्हणून द्यावा, हा मार्ग सोपा ठरतो. फोन पंचनामा होऊन मुद्देमालात जमा होतो आणि खटला उभा राहतो. नव्या संहितेत साक्षीचे समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावण्याची सोय असल्यामुळे, ते मुद्देमालाच्या खोलीतल्या त्या फोनवर वेळेत पोहोचेल, अशी अपेक्षा आहे.